पहिली पोळी माझी

चार वर्षं आमच्या घरात पहिली पोळी मी खाल्ली. पाहुणे बसलेले असोत, लेक माहेरी आलेली असो, जावई पाटावर असो. आधी मारोतराव, म्हणजे मी, खाणार, मग अर्धा तास सगळे थांबणार आणि त्यानंतर बाकीची ताटं वाढली जाणार. बाहेरच्या माणसाला वाटायचं, काय थाट आहे बुवा या घरधन्याचा! मीही तसं वाटू द्यायचो. खरं कारण वेगळं होतं. माझ्या बायकोला, विमलला, रोज वाटायचं की तिच्या हाताला फवारणीचं विष लागलेलं आहे आणि तिच्या हातचं खाऊन कोणीतरी मरणार आहे. मी खाऊन अर्धा तास जिवंत राहिलो की तिचा जीव भांड्यात पडायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

हा उपाय माझ्याच डोक्यातून निघालेला होता आणि मला त्याचा अभिमान होता. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं माझी चांगली फजिती झाली आहे आणि ती लपवण्यात काही अर्थ नाही.

माझा स्वभाव सांगायचा तर बोरी अरबात कोणाला काही अडलं की तो माझ्याकडं येतो. कपाशीवर मावा पडला, सातबाऱ्यात नाव चुकलं, पोरीला कोणत्या कॉलेजात घालायचं, जावयानं कोणती गाडी घ्यावी. मी उत्तर देतो. माहीत असलं तर देतोच, नसलं तरी देतो. ‘मला माहीत नाही’ हे वाक्य अठ्ठावन्न वर्षांत माझ्या तोंडून निघालेलं कोणी ऐकलं नव्हतं. विमल म्हणायची, “तुमाले एखाद्यानं देवाचा पत्ता इचारला तरी तुमी गल्ली सांगसान.”

आणि विमलचं नाव होतं ते तिच्या हातांसाठी. आमच्याकडं मटक्यावरची लांब पोळी करतात. गव्हाचं पीठ पाणी घालून घालून इतकं सैल मळायचं, आपटायचं, की ते हातावरून ओघळायला लागतं. मग गोळा घ्यायचा, या हातावरून त्या हातावर झेलायचा, कोपरापर्यंत ताणायचा आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या मटक्यावर टाकायचा. लाटणं नाही, पोळपाट नाही, जे काही आहे ते हात. लग्नसराईत विमलला बोलावणं आलं नाही असा आठवडा जात नसे. ती पोळी ताणायला लागली की पोरं खेळ सोडून बघायला यायची.

हे सगळं चार वर्षांपूर्वी सप्टेंबरात बंद पडलं. मी कपाशीवर फवारणी केली. तोंडाला फडकं बांधलं नाही, वारा कुठून येतो ते पाहिलं नाही. शहाण्या माणसाला कोण सांगणार? घरी आलो, कपडे काढून टाकले. विमलनं ते धुतले, हात साबणानं धुतले, स्वयंपाक केला. मी जेवून उठलो आणि उलट्या सुरू झाल्या. दोन दिवस दवाखान्यात सलाईन लागलं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की फवारणी अंगावर आली, नाकातोंडात गेली. पण विमलच्या डोक्यात एकच बसलं: कपडे मी धुतले आणि त्याच हातानं यांना जेवू घातलं.

आधी ती हात दोनदा धुवायला लागली. मग पाच वेळा. मग भांड्याच्या साबणानं, मग कपड्याच्या पावडरीनं, कोपरापर्यंत, सात वेळा मोजून. मधे कोणी हाक मारली की मोजणी पहिल्यापासून. पीठ मळून झालं की पीठ फेकायचं आणि पुन्हा मळायचं. गावात सांगितलं की कंबर धरली आहे, आता पोळ्यांची कामं जमत नाहीत. लोकांनी मान्य केलं. मी फवारणीचा पंप, डबे, सगळं घरातल्या कोठीतून हलवून शेतातल्या झोपडीत नेलं, ती कोठी चुन्यानं रंगवली. काही फरक नाही.

“मले समजते जी,” ती म्हणायची. “हात साफ हायत, ते मले दिसते. पण मन मानत नाई त्याले मी काय करू?”

म्हणून मी पहिली पोळी खायला लागलो.

यंदा मे महिन्यात आमची खुशी बाळंत झाली. तिला राळेगावला दिलेली आहे, जावई अंकुर सोन्यासारखा माणूस. पहिलं बाळंतपण माहेरी. विमलनं नऊ महिने दुपटी शिवली, टोपडी शिवली. आणि मुलगी झाल्यावर नर्सनं बाळ पुढं केलं तेव्हा तिनं दोन्ही हात पदराखाली घेतले आणि मागं सरकली. सव्वा महिना तिनं नातीला उघड्या हातानं स्पर्श केला नाही. बाळंतिणीचा स्वयंपाक मी केला. डिंकाचे लाडू मी वळले. ते फोडायला खुशीनं वरवंटा घेतला, एवढंच त्यांच्याबद्दल सांगतो.

बारशाला मात्र झाकलेलं उघडं पडलं. बायका पाळण्याभोवती बसल्या, बाळ पाळण्याखालून एकीनं द्यायचं आणि वरून दुसरीनं घ्यायचं. विमलची पाळी आली. विहीणबाईंनी बाळ पुढं केलं. विमल पाळणा सोडून उठली आणि मोरीकडं गेली. सगळ्यांनी पाहिलं. विहीणबाई हळू बोलल्या, पण हळू बोललेलंच जास्त ऐकू जातं: “पोट्टी झाली म्हून हातबी लावत नाई. आजी म्हणाव हिले?”

खुशीच्या डोळ्यांतून तिथंच पाणी आलं. विमल मोरीतून बाहेर आली तेव्हा तिचे हात लाल होते. बोलणार काय? ज्या नातीवर जीव ओवाळून टाकावा तिला आपल्या हातानं मारू, ही भीती चारचौघांत कशी सांगायची?

खुशी सासरी गेली आणि आठव्या दिवशी तिचा फोन आला.

“बाबा, निशूचं उष्टावण बोरीलेच करायचं. मुलीचं विषम महिन्यात करतात, सातव्यात करू. अन् पहिला घास आईच भरवीन. आपल्या हातानं.”

“अन् नाई जमलं तर?”

“तर माह्या सासूचं खरं होईन, बाबा. मंग निशूले घेऊन मी कोणत्या तोंडानं येऊ बोरीले?”

निशिगंधा हे नातीचं नाव. मी फोन ठेवला. गावाला सल्ले देणाऱ्या माणसाकडं स्वतःच्या घरासाठी एकही नव्हता.

जुलैत विमलचे हात इतके भेगाळले की बोटांतून रक्त यायला लागलं. दारव्ह्याला चामडीच्या डॉक्टरकडं गेलो. त्यांनी हात उलटेपालटे करून पाहिले आणि विचारलं, “दिवसातून किती वेळा धुता?”

“चार-पाच वेळा,” मी लगेच म्हटलं.

“चाळीस,” विमल म्हणाली.

लग्नाला तीस वर्षं झाली, तिनं मला असं चारचौघांत खोटं पाडल्याची ही पहिली वेळ. डॉक्टरांनी मलम दिलं आणि चिठ्ठीवर यवतमाळच्या डॉक्टर सुनीती यांचं नाव लिहिलं. मनाच्या डॉक्टर. बाहेर आल्यावर मी तापलो. “माही बायको काही येडी नाई!”

विमल दवाखान्याच्या पायरीवर बसली. “मंग काय हाय मी? सांगा ना. तुमाले तर सगळं माहीत असते.”

मी यवतमाळची गाडी विचारायला गेलो.

सुनीती मॅडमच्या दवाखान्यात बाहेरच्या बाकावर मी लोक न्याहाळत बसलो होतो. साखळ्या, आरडाओरडा, असलं काहीतरी पाहायची तयारी करून गेलो होतो. तर एक बँकेतला माणूस डबा मांडीवर घेऊन बसलेला, एक कॉलेजची पोरगी मोबाईल बघत, एक नवी बाळंतीण आपल्या सासूबरोबर आणि आमच्याच गावचे एक निवृत्त मास्तर. मास्तरांनी पेपर तोंडासमोर धरला, मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागलो. दोघांनीही ओळख दाखवली नाही.

सुनीती मॅडम चाळिशीच्या, आवाज मऊ, पण प्रश्न थेट. मी सांगायला तोंड उघडलं तर म्हणाल्या, “काका, तुमचं नंतर. आधी काकू.” आणि विमलला विचारलं, “विचार येतो तेव्हा नेमकं काय दिसतं?”

विमलनं आधी दोन्ही हात पदराखाली घेतले. मग म्हणाली, “निशू दिसते. माह्या मांडीवर निळी पडलेली.”

तीस वर्षं एका छताखाली राहून मला हे माहीत नव्हतं. मॅडम मात्र दचकल्या नाहीत. त्यांनी लिहून घेतलं आणि म्हणाल्या, “असे विचार माझ्याकडं रोज कोणीतरी सांगतं. ज्याच्यावर सगळ्यात जास्त जीव असतो त्याच्याबद्दलच ते येतात.”

“मले येड लागलं का, मॅडम?”

“नाही. याला ओसीडी म्हणतात, मराठीत मंत्रचळ. नको असलेला विचार डोक्यात घुसतो, भीती चढते. ती उतरवायला तुम्ही हात धुता. घटकाभर बरं वाटतं, म्हणून मेंदू शिकतो की धुतलं तरच सुटका. पुढच्या वेळी तो विचार जास्त जोरानं येतो. शंभरात एक-दोन माणसांना हा आजार होतो. कोणाला सतत काळजी लागते, कोणाला उदास वाटून अंथरुणातून उठवत नाही, कोणाची छाती अचानक धडधडते आणि आता मरतो असं वाटतं. बाहेर बाकावर बसलेत ते असलेच कोणी ना कोणी. या सगळ्यांवर उपचार आहेत, काकू. तुमच्यावरही आहेत.”

विमलनं पदर तोंडाला लावला. ती रडत होती, पण मी तिला ओळखतो, ते रडणं दुःखाचं नव्हतं. कोणीतरी तिच्या आजाराचं नाव घेतलं होतं.

मला वाटलं, आता आपली पाळी. मी खुर्चीत सावरून बसलो आणि पहिल्या पोळीची सगळी व्यवस्था सांगितली. अर्ध्या तासाचं घड्याळ, पाहुण्यांना थांबवणं, सगळं. मॅडमनी पेन खाली ठेवलं.

“म्हणजे काकू रोज परीक्षा घेतात आणि तुम्ही रोज पास होता.”

“हो जी. एक दिवस खाडा नाई.”

“चार वर्षं रोज पास झालात. मग काकूंची खात्री का पटली नाही?”

मी खुर्चीत मागं सरकलो.

“हात धुणं आणि तुम्ही आधी खाणं, दोन्ही एकच आहे, काका. भीती आली की तुम्ही तिला रोज जेवू घालता. ती कशाला जाईल?”

“मंग दोष माहा हाय म्हणा ना!”

“दोष कोणाचाच नाही. प्रेमानं केलंत. पण आता ते थांबवायचं आहे, आणि तुमचं काम काकूंच्या कामापेक्षा सोपं नाही.”

उपचार दोन. एक गोळी, रोजची, थोड्या डोसपासून वाढवत नेलेली. तिचा गुण दिसायला दीड-दोन महिने लागतात, सुरुवातीला मळमळ होते, सवय लागत नाही, आणि बरं वाटलं म्हणून आपल्या मनानं सोडायची नाही. दुसरा सराव. ज्याची भीती वाटते ते थोडंथोडं करायचं आणि हात न धुता बसायचं. भीती चढते, चढते आणि आपली आपण उतरते. मॅडमनी हेही बजावलं की विषाच्या डब्याला हात लावायचा नाही, फवारणीचे कपडे ज्याचे त्यानं धुवायचे, आणि त्यानंतर साबणानं हात धुवायचेच, एकदा. सात वेळा नाही. आणि काकूंनी ‘काही होणार नाही ना?’ विचारलं की काकांनी धीर द्यायचा नाही. फक्त म्हणायचं, ‘मला माहीत नाही.’

मी जरा पुढं झुकलो. “मॅडम, दुसरं काही म्हटलं तर चालीन का?”

विमल चार वर्षांनी पोट धरून हसली.

गोळी सुरू झाली आणि पाचव्या दिवशी मी मॅडमना फोन केला की औषध लागू पडलेलं नाही. त्याआधी मी आणखी एक पराक्रम केला होता. आमच्याकडं पंपात दोन-तीन औषधं एकत्र कालवून मारायची खोड आहे. एकानं नाही मेली कीड तर दुसऱ्यानं मरेल. त्याच हिशेबानं मी मेडिकलमधून डोक्याचं टॉनिक आणि बाजारातून एका बाबाची पुडी आणली आणि दोन्ही विमलच्या दुधात टाकायला लागलो. मोठ्या ऐटीत हे फोनवर सांगितलं.

“काका,” मॅडम म्हणाल्या, “काकू म्हणजे कपाशी नाहीत. पुडी आत्ता फेका. टॉनिकही बंद.”

पुडी उकिरड्यावर गेली. त्या दिवसापासून गोळीच्या बाबतीत मी तोंड बंद ठेवलं.

सरावासाठी विमलनं कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला पायऱ्या लिहिल्या. भीतीला शंभरपैकी मार्क द्यायचे. सगळ्यात खाली, जुन्या कोठीच्या दाराची कडी धरणं, तीस. मग त्याच हातानं गुळाचा खडा खाणं. पीठ एकदाच मळणं. मी तिच्याबरोबरच जेवायला बसणं. लांब पोळी करून लोकांना वाढणं. सगळ्यात वर, निशूला भरवणं, शंभर. शंभराच्या वर आकडा चालला असता तर तिनं तो लिहिला असता.

पहिल्या दिवशी तिनं कडी धरली आणि अंगणात येऊन बसली, दोन्ही हात गुडघ्यांवर पालथे. दुपारची वेळ. कपाळावर घाम. तीस लिहिलेली भीती ऐंशीवर गेली असं ती म्हणाली.

“सांगा ना जी. काही होत नाई ना?”

जीभ उचलता उचलेना. “मले माहीत नाई,” मी म्हटलं.

मी भर बाजारात तिचा हात सोडला असावा, असं तिनं माझ्याकडं पाहिलं. मी उठून गोठ्यात गेलो आणि बैलाच्या पाठीवर हात ठेवून रडलो. पाऊण तासानं तिची हाक आली, “अवजी, उतरली. वीसवर आली.” हात तिनं धुतले नव्हते.

असं करत करत दोन महिने गेले. गोळीनं डोक्यातला कलकलाट कमी झाला, असं तिचं म्हणणं. विचार यायचा, पण पहिल्यासारखा मानगुटीवर बसायचा नाही. हात धुण्याचे चाळीसचे पंचवीस झाले, पंचवीसचे बारा. मग ऑक्टोबरात मी माती खाल्ली. ती पोळी करत होती, आम्ही एकत्र जेवायचं ठरलेलं. ती एकदम म्हणाली, “आजच्या दिवस आधी तुमी खा ना. फकस्त आज.” तिचा चेहरा पाहवेना. मी खाल्लं. तिच्या तोंडावर अशी शांती आली की मला पुन्हा राजा झाल्यासारखं वाटलं. आठवड्यात बाराचे तीस झाले.

पुढच्या खेपेला मी मॅडमना सगळं कबूल केलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, असं होतंच, दोन पायऱ्या खाली उतरा आणि पुन्हा चढा. रागावली ती विमल. एसटीत खिडकीकडं तोंड करून बसली होती, ती लाडखेड गेल्यावर वळली.

“तुमी मले वाचवू नका,” ती म्हणाली. “समजलं? मले भेव वाटू द्या. माहं भेव हाय, मी पाहून घेईन.”

मागच्या सीटवरची बाई कान देऊन ऐकत होती. विमलला त्याची पर्वा नव्हती. मला तिचा एवढा अभिमान वाटला की मी गाव येईपर्यंत एक शब्द बोललो नाही, आणि हे माझ्या बाबतीत विक्रमी आहे.

दिवाळीला खुशी दोन दिवस आली. विमलनं निशूला दुपट्यात गुंडाळून मांडीवर घेतलं. दुपट्यावरून का होईना, घेतलं. तिच्या हातावरच्या भेगा भरून आल्या होत्या. कॅलेंडरवरच्या पायऱ्यांवर खालून वर रेघा पडत गेल्या आणि दोनच उरल्या.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात उष्टावण. शेतात कापूस वेचणी चाललेली, तरी पंचवीस-तीस माणसं जमली. अंगणात चूल पेटली, मटकं पालथं पडलं. विमल पाटावर बसली आणि परातीतलं पीठ आपटायला लागली, तसा घरातला तो जुना आवाज अंगणभर घुमला. पहिली पोळी मटक्यावर जाता जाता फाटली. दुसरीही. चार वर्षांचा खंड होता. तिसरी मात्र तिनं या हातावरून त्या हातावर झेलली, ती कोपरापर्यंत उतरली, मटक्यावर पसरली आणि फुगली. बायकांनी टाळ्या वाजवल्या. विहीणबाई खुर्चीवर बसून बघत होत्या.

शेजारची बबिता सवयीनं ती पोळी ताटात घेऊन माझ्याकडं आली. “घ्या भाऊजी, पहिली पोळी तुमची.”

वास नाकात शिरला. विमल मटक्यापासून माझ्याकडं पाहत होती.

“मले नको,” मी म्हटलं. “पाव्हण्यांले वाढा.”

पंगत जेवली. विमलची नजर एकेका तोंडावरून फिरत होती, कोणाला ठसका लागतो का, कोणी पोट धरतं का. हात गुडघ्यांवर पालथे ठेवून ती बसून राहिली. पाण्याच्या टाकीकडं गेली नाही.

मग पाट मांडला. खुशीनं निशूला मांडीवर घेतलं, समोर चांदीच्या वाटीत तांदळाची खीर. विहीणबाईंनी बोटातली सोन्याची अंगठी काढली. “अंगठीनंच चाटवा, इमलबाई. हात कायले लावता? तुमाले जमत नाई ना.”

ती सुटका होती. बोलण्यात टोचणी असली तरी सुटका होती, आणि विमलनं ती घेतली असती तर कोणी तिला नाव ठेवलं नसतं. खुशी आईकडं पाहत राहिली.

विमलनं अंगठी बाजूला ठेवली. बोट खिरीत बुडवलं, उचललं, आणि ते बोट अर्ध्या वाटेत थांबलं. तिनं मान वळवली.

“खुशीचे बाबा,” सगळ्यांना ऐकू जाईल असं ती म्हणाली, “माह्या हाताले काही नाई ना?”

माझ्या जिभेवर उत्तर तयार होतं. नाही वं, साफ हायत, भरव. एवढं म्हटलं की ती भरवणार होती, फोटो निघणार होते, विहीणबाईंचं तोंड बंद होणार होतं, खुशी हसत सासरी जाणार होती. आणि उद्यापासून ती मला रोज हेच विचारणार होती. खुशी माझ्याकडं पाहत होती, अंकुर पाहत होता, सगळं गाव ज्याला विचारून चालतं त्या माणसाकडं सगळं गाव पाहत होतं.

“मले माहीत नाई, विमल,” मी म्हटलं.

विहीणबाईंचा हात तोंडावर गेला. कोणीतरी “अरे बाप्पा” म्हटलं. विमलच्या बोटावरची खीर थेंबाथेंबानं पाटावर पडत होती. ती माझ्याकडं पाहत राहिली. मग तिनं एक लांब श्वास घेतला.

“मलेबी नाई,” ती म्हणाली, आणि बोट नातीच्या तोंडात दिलं.

निशूनं ते दोन्ही हिरड्यांत धरलं. खीर संपली तरी सोडेना. विमलनं बोट ओढलं नाही. तिचे डोळे वाहत होते आणि ती पोरीकडं बघत होती, निळी पडते का म्हणून नाही, नुसतीच बघत होती.

“हे काय होतं, इमलबाई?” विहीणबाईंनी हळूच विचारलं.

“आजार हाय मले,” विमल सरळ म्हणाली. “हातावर इख हाय असं वाटत राह्यते. चार वर्सं झाली. आता दवाखाना चालू हाय, फरक पडला. बारशाले पोरीले नाई घेतलं ते तिच्या भेवानं, पोट्टी हाय म्हून नाई.”

विहीणबाई खुर्चीवरून उठून पाटाजवळ बसल्या. विमलचा दुसरा हात त्यांनी हातात घेतला, भरून आलेल्या भेगांवरून अंगठा फिरवला. “अन् आमी काय काय समजलो,” म्हणाल्या. खुशीला तेव्हा जे रडू फुटलं ते अंकुरनं पाणी आणून दिलं तरी थांबलं नाही.

त्या दिवशी तीन पंगती उठल्या. मी वाढायला होतो, त्यामुळं शेवटच्या पंगतीत शेवटच्या जागी बसलो. विमलनं स्वतः येऊन ताटात पोळी टाकली. गार झालेली, कडेनं जरा वातड. मी तुकडा मोडला आणि तिनं समोर उकिडवं बसून विचारलं, “कशी झाली?”

“हे मात्र मले माहीत हाय,” मी म्हटलं. “एक नंबर झाली. अजून एक आण.”

“सरल्या,” विमल म्हणाली. “साऱ्यायनं खाल्ल्या.”